जुनी गाडी मूळ ठेवायची की सुधारायची? मुंबईतल्या नव्या मालकांसाठी

आजोबांची किंवा मामांची फियाट सोसायटीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी होती, ती आता तुमच्याकडे आली आहे. पहिल्याच आठवड्यात दोन तऱ्हेची माणसं भेटतील. एक सांगेल, "एक स्क्रूसुद्धा बदलू नका, ओरिजिनल राहू द्या." दुसरा म्हणेल, "कशाला त्रास? इंजिन नवीन टाका, एसी टाका, मजेत फिरवा." दोघंही प्रेमानं बोलतात. पण गाडीखाली वाकून दोघांपैकी कुणीच पाहिलेलं नसतं.

मी पद्मिनी घेऊन या सगळ्यातून गेलो आहे आणि आजही ती मुंबईत चालवतो. एवढं खात्रीनं सांगतो की हा प्रश्न अख्ख्या गाडीला एकदम विचारला की उत्तर चुकतं. तो एकेका भागाला विचारा. ब्रेकचं उत्तर वेगळं येईल, रंगाचं वेगळं, इंजिनाचं वेगळं. खाली बरीच उदाहरणं पद्मिनीची आहेत. ती कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेली फियाटच, आणि मुंबईत नव्या मालकाच्या हाती बहुधा तीच येते. पण अ‍ॅम्बेसेडर, हेराल्ड किंवा पहिल्या काळातली मारुती ८०० असली तरी क्रम हाच ठेवा.

१. गाडी आधी नीट ओळखा

यासाठी मिस्त्री लागत नाही. एक रिकामी सकाळ काढा आणि जवळ ठेवा:

- फडक्यात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक
- टॉर्च आणि हातात मावेल असा आरसा
- मल्टिमीटर
- वही, पेन्सिल आणि फोटोंसाठी फोन
- झिपच्या पिशव्या आणि चिकटपट्टी

सुरुवात नंबरांपासून. इंजिन नंबर आणि चासी नंबर पुसून स्वच्छ करा, आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा आणि कागद ठेवून पेन्सिलचा प्रिंट काढा. नंबर जुळत नसतील तर पुढचं सगळं थांबवून आधी तो गुंता सोडवा. इंजिन कधीतरी बदललं गेलं आणि नोंद राहून गेली, असं जुन्या गाड्यांत होतं.

मग पत्रा. फियाट मोनोकॉक आहे, म्हणजे वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे सडलेला पत्रा हा इथे निव्वळ दिसण्याचा मामला राहत नाही. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांचा मारा ठरावीक जागी बसतो: दारांखालची सिल, रबरी मॅटखालचा तळ, बॅटरीचा ट्रे, चाकांच्या कमानी, डिकीत स्टेपनीखालचा खड्डा आणि पुढच्या काचेच्या रबराची खालची कड. चुंबक फिरवत न्या. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्यावर लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, थर आहे. वरून आरशासारखी चमकणारी गाडी आतून लांबीनंच उभी असल्याचं अनेकदा इथेच कळतं.

रंग मूळ आहे का, हे दारांच्या रबराखाली, डॅशबोर्डच्या मागे आणि डिकीच्या मॅटखाली दिसतं. तिथे वेगळाच रंग निघाला तर गाडी पुन्हा रंगवलेली आहे. आणि पद्मिनी असेल तर ती कधी टॅक्सी होती का तेही पाहा. मुंबईच्या टॅक्सींचं मीटर डाव्या बाजूला बाहेर बसवलेलं असे, त्याची बुजवलेली भोकं आणि छतावरच्या कॅरिअरच्या खुणा बहुतेक वेळा सापडतात.

हे झालं की गाडी तीनपैकी एका गटात बसते. पहिला गट: रंग, इंजिन, आतलं रेक्झिन, सगळं बरंचसं कारखान्यातून आलं तसं. अशी गाडी दुर्मीळ आहे, तिला हात लावण्याआधी खूप विचार करा. दुसरा: चालता चालता थोडंफार बदललेली. बहुतेकांची हीच असते. तिसरा: आधीच पुष्कळ बदललेली. तिसऱ्या गटातल्या गाडीत एखादा चांगला बदल करताना मन खाऊ देऊ नका. तिथे राखण्यासारखं फार उरलेलं नसतं, आणि ती गाडी सुरक्षितपणे रस्त्यावर राहणं हेच मोठं.

२. गाडी कशासाठी हवी ते ठरवा

"कधीतरी फिरवायची" हे उत्तर पुरत नाही. रॅली आणि प्रदर्शनासाठी हवी? रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हवर एक फेरी मारायची? की खंडाळ्याचा घाट चढून पुण्याला, गणपतीत कोकणात न्यायची आहे?

प्रदर्शनाच्या गाडीला डायनॅमो (वीज बनवणारं जुन्या पद्धतीचं यंत्र) चालतो, जुनी वायरिंग चालते. सायनच्या सिग्नलला पावसात अर्धा तास अडकणाऱ्या गाडीला ते चालत नाही. घरातली मुलं मागच्या सीटवर बसणार असतील तर ब्रेक आणि सीटबेल्टचा विचार सगळ्यात आधी. वर्षाला साधारण किती किलोमीटर होतील, कोण चालवणार, गाडी उघड्यावर राहणार की छपराखाली, हे वहीत लिहा. पुढे मिस्त्रीनं भुरळ घातली की हे पान उघडायचं.

३. पान्याच्या आधी कागद

पहिला गैरसमज दूर करतो. पेट्रोल गाडी पंधरा वर्षांनी भंगारात जाते हा नियम दिल्ली परिसराचा आहे, मुंबईत खासगी गाडीला तो लागू नाही. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर तपासणी करून नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवता येते. मात्र वीस वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ पासून १० हजार रुपये झालं आहे, पर्यावरण कर त्याशिवाय. मुदत उलटून गेली असेल तर दरमहा ५०० रुपये विलंब शुल्क आहे. आठ-दहा वर्षं कागद न केलेल्या गाडीचा हिशेब इंजिनकामाआधी करा.

दुसरा मुद्दा व्हिंटेज नोंदणीचा. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या खासगी गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५ हजार. आधीपासून नोंदलेली गाडी आपला जुना क्रमांक ठेवू शकते. पद्मिनी हे नाव १९७४ च्या सुमारास आलं, म्हणजे सुरुवातीच्या पद्मिनी आत्ता कुठे या वयात पोचल्या आहेत.

इथे दोन अटी नीट वाचा. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. म्हणजे आज टाकलेलं दुसरं इंजिन उद्याचा हा दरवाजा बंद करू शकतं. आणि व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी नसते. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्याच कारणांसाठी ती रस्त्यावर आणता येते. रविवारी आईला घेऊन सिद्धिविनायकाला जायचं असेल तर साधी नोंदणीच नूतनीकरण करत राहणं बरं. माझी निवड तीच आहे.

जमवायचे कागद:

- मूळ आरसी. हरवली असेल तर पोलिसांकडची नोंद आणि फॉर्म २६
- गाडी वारशानं आली असेल तर फॉर्म ३१, मृत्यू दाखला, बाकीच्या वारसांची संमती
- विकत घेतली असेल तर फॉर्म २९ आणि ३०
- नूतनीकरणासाठी फॉर्म २५
- चालू विमा आणि पीयूसी
- चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट
- जुनी बिलं, सर्व्हिस पुस्तिका, गाडीचे कुटुंबातले जुने फोटो

शेवटच्या ओळीला हलकं समजू नका. लग्नातल्या एखाद्या फोटोत गाडीचा मूळ रंग, चाकांच्या टोप्या, बंपरचे कोपरे दिसतात. गाडी पहिल्या दिवशी कशी होती याचा इतका भक्कम पुरावा दुसरीकडे मिळत नाही.

४. प्रत्येक बदलाला तीन प्रश्न

एक: हा बदल परत उलटवता येईल का? दोन: यानं जीव वाचतो का, किंवा गाडी रस्त्यात बंद पडणं टळतं का? तीन: आरसीवर लिहिलेलं काही यानं बदलतं का?

पहिल्या दोनांना 'हो' आणि तिसऱ्याला 'नाही' असेल तर बिनधास्त करा. कापावं लागत असेल, भोक पाडावं लागत असेल, वेल्डिंग लागत असेल तर थांबा. अपवाद एकच, सुरक्षेचा. तिसऱ्याला 'हो' असेल तर आरटीओच्या मंजुरीशिवाय नट सैल करू नका.

५. मी हो म्हणतो ते बदल

ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर ते भिजतात आणि थोडा वेळ पकडत नाहीत. हिंदमाताच्या पाण्यातून बाहेर आल्यावर पेडल हलकं दाबत हळू चालवून ते सुकवावे लागतात. पण त्याहून मोठा धोका एकेरी सर्किटच्या मास्टर सिलिंडरचा. एका चाकाचा सिलिंडर गळला तरी पेडल तळाला जातं आणि चारही चाकांचे ब्रेक जातात. तुमच्या गाडीत एकेरी असेल तर टँडम, म्हणजे दुहेरी सर्किटचा, मास्टर सिलिंडर बसवून घ्या. जुना भाग जपून ठेवला की हा बदल उलटवताही येतो. डिस्क ब्रेकचा विचार त्यानंतर. आधी सगळे रबरी होज, व्हील सिलिंडर आणि लायनर नवे करून गाडी चालवून पाहा. ड्रम नीट टर्निंग केलेले आणि जुळवलेले असतील तर या वजनाच्या आणि वेगाच्या गाडीला ते पुरतात असं माझं मत आहे.

वीज. डायनॅमो आयडलवर, म्हणजे गाडी उभी राहून इंजिन नुसतं चालू असताना, पुरेसा करंट देत नाही. कोरड्या मोकळ्या रस्त्यावर हे जाणवत नाही. जुलैच्या संध्याकाळी हेडलाइट, वायपर आणि हॉर्न एकदम चालू ठेवून ट्रॅफिकमध्ये उभे राहिलात की चार्जिंगचा लाल दिवा पेटतो आणि बॅटरी उतरू लागते. अल्टरनेटर हा मुंबईसाठी अगदी योग्य बदल आहे, बोल्टवर बसतो, बोल्टवर निघतो. जुन्या ब्रिटिश वंशाच्या काही गाड्यांत बॅटरीचा धन टोक बॉडीला जोडलेला असतो, तिथे आधी ध्रुव बदलून घ्यावे लागतात. वायरमननं हे न पाहता अल्टरनेटर जोडला तर तो त्याच क्षणी जळतो. म्हणून हे स्वतः मल्टिमीटरनं तपासा. हेडलाइटला रिले आणि प्रत्येक सर्किटला फ्यूज घाला. कापडी आवरणाची जुनी वायर तडकलेली असेल तर पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) नवा करा, पण रंगांची मूळ पद्धत तीच ठेवा म्हणजे पुढचा वायरमन चक्रावणार नाही. ठिणगीची वेळ साधणाऱ्या जुन्या पॉइंटऐवजी डिस्ट्रिब्युटरच्या आत मावणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन हाही बाहेरून न दिसणारा बदल. पॉइंट आणि कंडेन्सरचा जुना संच डिकीत मात्र असू द्या.

इंधन. हे नवं संकट आहे आणि याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीतले रबरी पाइप, एसी पंपाचा (टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप, एअर कंडिशनरचा नव्हे) पडदा आणि कार्ब्युरेटरच्या गॅस्केट त्यासाठी बनलेल्या नाहीत. त्या फुगतात, मऊ पडतात, गळतात, आणि गरम इंजिनावर गळणारं पेट्रोल म्हणजे आग. पेट्रोलच्या सगळ्या होज आणि पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्या. बाहेरून काही फरक दिसत नाही. इथेनॉल हवेतला ओलावाही ओढतं, त्यामुळे पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी महिनोन् महिने उभी करू नका. टाकीतला जुना गाळ सुटून येतो, म्हणून सुरुवातीला पेट्रोल फिल्टर लवकर लवकर बदला. शिसंविरहित पेट्रोलनं व्हॉल्व्हच्या सीट झिजतील ही चिंता पुष्कळजण करतात. त्या कठीण धातूच्या बसवणं योग्यच आहे, पण इंजिनाचं हेड दुसऱ्या कारणानं उघडेल तेव्हाच. तोवर टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्हवरची फट) कमी होत चाललंय का यावर लक्ष ठेवा.

तापणं. ट्रॅफिकमध्ये पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते आणि एसी पंपावर ओलं फडकं ठेवून ती चालू करतात, हे टॅक्सीवाल्यांनी मुंबईला शिकवलंय. फडकं ठेवाच, पण आधी रेडिएटरचा कोअर नवा करा, थर्मोस्टॅट आणि इग्निशनचं टायमिंग तपासा, पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टपासून दूर न्या. तरीही तापली तर रेडिएटरपुढे इलेक्ट्रिक पंखा. मूळ पंखा काढू नका.

टायर त्याच मापाच्या जवळचे रेडियल घ्या. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचे टायर टाकूनच द्या.

सीटबेल्ट. जुन्या बॉडीत त्यासाठी मजबूत जागा नसते. नुसत्या पत्र्याला बोल्ट मारला तर अपघातात पट्टा पत्र्यासकट उपटून येतो. मागून जाड पट्टी वेल्ड करून नट बसवावा लागतो. वर म्हटलेला अपवाद तो हाच. इथे मी भोक मान्य करतो.

६. मी नाही म्हणतो ते बदल

दुसऱ्या जातीचं इंजिन. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्यानं दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. अशा प्रत्येक बदलाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून त्रासाचं म्हणजे अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती नकाराचं आयतं कारण येतं. "सगळे करतात, आरटीओत मी बघून घेतो" असं गॅरेजमध्ये कुणी म्हणालं तर तिथून गाडी काढा. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन मंजुरी घेऊन बसवता येतं. पण पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन मुळात साधं आहे. बोअर करून, ओव्हरसाइज पिस्टन घालून ते नीट उभं राहतं.

गिअर. नंतरच्या काही पद्मिनींना खाली जमिनीवर गिअर होता, म्हणून तो जुन्या गाडीत बसवायचा मोह होतो. त्यासाठी तळ कापावा लागतो आणि स्टिअरिंगजवळचा मूळ गिअरचा दांडा जातो. तो दांडा हाच तर या गाडीचा हात आहे, लिंकेजच्या झिजलेल्या बुश बदलल्या की तो पुन्हा लोण्यासारखा पडतो.

मूळ रंग. कारखान्याचा रंग एकदाच लागतो, घासून काढला की तो कोणत्याही पैशानं परत येत नाही. फिका पडलाय, दोन ठिकाणी खरचटलंय म्हणून अख्खी गाडी रंगवू नका. आधी कुशल माणसाकडून पॉलिश करून पाहा, गंज तेवढाच कापून तेवढाच भाग रंगवा. पूर्ण रंगकाम अटळ असेल तर कारखान्याचीच छटा घ्या. रंग आरसीवर नोंदलेला असतो, तो बदलायचा तर मंजुरी लागते. रेक्झिन बदलताना जुन्याचा हातभर तुकडा ठेवा.

इलेक्ट्रिक मोटरचा संच मान्यताप्राप्त असेल आणि आरसीवर नोंद झाली तर बेकायदा नाही. पण पहिल्या आणि दुसऱ्या गटातल्या गाडीवर तो बसवू नये असं मला मनापासून वाटतं.

७. माणसं आणि पार्ट

काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या तोवर पार्टची चिंता नव्हती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही आणि तो मोठा ग्राहक संपला. म्हणून नेहमी लागणारे पार्ट, म्हणजे व्हील सिलिंडरचे किट, एसी पंपाचं किट, क्लच प्लेट, वॉटर पंप, दिसतील तेव्हा घेऊन ठेवा. ऑपेरा हाऊसची पार्टची दुकानं, कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि चोर बाजारातली मटन स्ट्रीट या तिन्ही ठिकाणी फिरा. जुना भाग हातात घेऊन जा, नुसत्या नावावर घेतलेला पार्ट बसत नाही.

मिस्त्री निवडताना गॅरेजमध्ये तुमच्यासारखी गाडी उभी आहे का ते पाहा, आणि ती किती काळ उभी आहे तेही विचारा. वर्षभर खोलून ठेवलेली गाडी दिसली तर तुमचीही तशीच राहील. "फुल रिस्टोरेशन"चा एकरकमी सौदा करू नका. ब्रेकचं काम, त्याचे पैसे. मग वायरिंग, त्याचे पैसे. प्रत्येक काढलेला भाग परत मागा, पिशवीत घाला, वर तारीख आणि कुठून काढला ते लिहा. उलटवता येणारा बदल म्हणतो तो या पिशव्यांमुळेच उलटवता येतो. फोटो आणि बिलांची फाइलही वाढवत न्या. इतक्या जुन्या गाडीची विम्याची रक्कम कंपनी आणि मालक यांच्या सहमतीनं ठरते, तेव्हा हीच फाइल टेबलावर ठेवायची असते.

पत्राकाम पावसाळ्यात काढू नका. उघडा पत्रा मुंबईच्या दमट हवेत बघता बघता गंजतो आणि त्यावरचा रंग पुढे फुगतो. दिवाळीनंतर सुरू करून एप्रिलच्या आत संपवा.

८. पहिल्या वर्षाचा क्रम

कागद, मग ब्रेक आणि टायर, मग पेट्रोलच्या होज, मग वीज. इथे थांबून गाडी निदान ५०० किलोमीटर चालवा, पहाटेही आणि ट्रॅफिकमध्येही. यादीतले निम्मे बदल नको आहेत हे या टप्प्यावर बहुतेकांच्या लक्षात येतं. उरलेल्यांपैकी तापण्याचं काम मार्चआधी, सीटबेल्ट पत्राकामाबरोबरच, आणि मे महिन्याच्या शेवटी वायपरची रबरं, दारांची रबरं आणि तळाला अंडरकोटिंग.